तुसाउ केसू : कझाक घरातला पायबंद तोडण्याचा सोहळा

एक धागा काळा, एक पांढरा, आणि दोघांना पीळ घालून केलेली हातभर दोरी. आजीने ती नातवाच्या दोन्ही घोट्यांना मिळून सैलसर बांधली, गाठ एकदा बोटाने चाचपून पाहिली आणि मग गुडघ्यावर हात ठेवून ती उठली. अकरा महिन्यांचे ते बाळ आईच्या हाताला धरून उभे होते आणि खाली वाकून, आपल्या पायांना हे काय झाले, ते पाहत होते.

घोडा चरायला सोडताना तो दूर जाऊ नये म्हणून त्याच्या पायांना जी दोरी बांधतात, तिला कझाक भाषेत ‘तुसाउ’ म्हणतात. आपल्याकडे तिला नेमका ‘पायबंद’ हा शब्द आहे. ‘केसू’ म्हणजे कापणे. मूल पहिली पावले टाकू लागले, की त्याच्या पायांत असाच एक पायबंद बांधून तो समारंभाने तोडायचा, म्हणजे पुढे त्याची वाट मोकळी होते, अशी ही कल्पना आहे. घोड्यावर ज्यांचे आयुष्य गेले त्या लोकांनी आपल्या लेकराकडेही शिंगराच्या मायेने पाहावे, यात मला फार मोठा गोडवा वाटला.

माझी भाची कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात वैद्यकीय शिक्षण घेते. तिच्या वर्गातल्या एका कझाक मैत्रिणीच्या भावाचा हा मुलगा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी भाचीला भेटायला गेले होते, आणि ‘मावशी आली आहे’ एवढे कळताच त्या घरून मलाही आमंत्रण आले. अल्माटीपासून पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर एसिक नावाचे गाव आहे. १९६९ साली तिथल्या एका प्राचीन थडग्यात चार हजारांहून अधिक सोन्याच्या तुकड्यांनी मढवलेल्या पोशाखातला शक योद्धा सापडला आणि त्यामुळे ते जगाला ठाऊक झाले. या गावाजवळच त्यांचे घर होते. जाताना उजव्या हाताला आलाताउ पर्वताची बर्फाच्छादित रांग सारखी सोबत होती. हल्ली शहरांत असे सोहळे मोठमोठ्या भोजनगृहांत, सूत्रसंचालक आणि ध्वनिक्षेपक लावून होतात. या आजीने मात्र घरच्या अंगणातच कार्य करायचे ठरवले होते, आणि मला त्याचा लाभ झाला.

दोरीचा काळा-पांढरा रंग उगाच नसतो. कझाक भाषेत प्रामाणिक माणसाचे वर्णन करताना, ‘त्याने दुसऱ्याची काळी-पांढरी दोरीसुद्धा ओलांडली नाही’ अशा अर्थाचा वाक्प्रचार वापरतात. परक्याच्या वस्तूला हात लावायचा नाही आणि काळे-पांढरे ओळखायचे, हा पहिला संस्कार बाळाच्या घोट्याला बांधला जातो. काही घरांत दोरीऐवजी हिरव्या गवताचा पीळ बांधतात, वंश गवतासारखा पसरावा म्हणून. तर काही ठिकाणी मेंढीचे चरबीयुक्त आतडे बांधतात, घरात सुबत्ता राहावी म्हणून.

दोरी कोणी कापायची, हा मोठ्या विचाराचा विषय असतो, कारण मूल त्या माणसाच्या चालीवर जाते अशी श्रद्धा आहे. आजीने आपल्या पुतणीला निवडले होते. ती गावातल्या शाळेत शिकवते, तिला चार मुले आहेत, आणि अंगणातून स्वयंपाकघरात जाताना मी तिला एकदाही सावकाश चालताना पाहिले नाही. तिने कात्री घेतली, एका झटक्यात दोरी तोडली, आणि लगेच दोघी जणींनी बाळाचे दोन हात धरून पांढऱ्या कापडाच्या पट्टीवरून त्याला जवळजवळ पळवतच नेले. बायका टाळ्यांच्या ठेक्यावर ‘कझ-कझ’ म्हणत होत्या. कझ म्हणजे हंसासारखा तो घरगुती पक्षी. त्याच्या डुलत्या चालीवरून बाळाच्या पहिल्या पावलांना हे नाव पडले आहे. मोठेपणी कोणी सारखा ठेचकाळू लागला, की ‘याचा तुसाउ कापला नव्हता वाटते’ असे अजूनही म्हणतात.

पट्टीच्या शेवटी पुस्तक, दोंब्रा हे दोन तारांचे वाद्य, चामड्याचा विणलेला चाबूक, नोटा आणि कंगवा मांडून ठेवला होता. बाळाने आधी चाबूक उचलला, तेव्हा आजोबांचा चेहरा उजळला. पण क्षणात तो टाकून बाळ मटकन खाली बसले आणि शेजारच्या लहान मुलीच्या हातातला बाउरसाक, म्हणजे मऊ कणकेचा तळलेला, भटुऱ्यासारखा फुगलेला गोळा, ओढून खाऊ लागले. त्याच वेळी आजीने ओंजळ भरभरून त्याच्यावर गोळ्या, मनुका आणि नाणी उधळली. याला ‘शाशू’ म्हणतात. संक्रांतीनंतर आपण बोरन्हाण घालतो, बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा आणि उसाचे करवे ओततो, आणि मुले ते गोळा करायला तुटून पडतात; नेमके तेच दृश्य इतक्या दूर माझ्यासमोर घडत होते. फरक एवढाच, की इथे साठीच्या बायकाही वाकून गोळ्या वेचत होत्या. शाशूतली गोळी घरी नेली, की आपल्याही घरी असेच मंगलकार्य होते, असे त्या मानतात. एका बाईने दोन गोळ्या माझ्या मुठीत कोंबल्या आणि भाचीकडे बोट दाखवून ती हसली.

जेवणाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण कझाक घरातली सगळी नाती मला त्या ताटात दिसली.

अंगणात चुलाणावर मोठी लोखंडी कढई होती, तिला ते ‘काझान’ म्हणतात. तिच्यात सकाळपासून घोड्याचे आणि मेंढीचे मांस नुसत्या मिठाच्या पाण्यात मंद शिजत होते. ज्या पदार्थाला जग ‘बेशबार्माक’, म्हणजे पाच बोटे, या नावाने ओळखते, त्याला घरातली माणसे साधे ‘एत’ म्हणतात; एत म्हणजे मांस. दोन सुना कणीक लाटत होत्या. पुरणपोळीच्या दुप्पट व्यासाची, पलीकडचा हात दिसेल इतकी पातळ पोळी लाटायची, तिचे तळहाताएवढे चौकोन कापायचे आणि ते मांसाच्या रश्श्यात सोडायचे. शिजलेले चौकोन थाळ्यात पसरून त्यांवर मांस रचतात आणि वरून कांद्याच्या चकत्या घातलेला चरबीयुक्त रस्सा ओततात. मसाला म्हणाल तर मीठ, मिरे आणि कांदा. आपल्या जिभेला हे सुरुवातीला फिके लागते, हे मी मान्य करते. पण चौथ्या-पाचव्या घासाला मांसाची स्वतःची चव कळू लागते, आणि मग तिखटाची आठवण होत नाही.

बसण्याची जागाही ठरलेली असते. दारापासून सर्वांत दूरच्या मानाच्या जागेला ‘त्योर’ म्हणतात. मी संकोचाने दाराजवळ बसू पाहत होते, तेव्हा आजोबांनी उठून मला हाताला धरून त्योरवर नेले आणि मगच ते बसले. थाळा आला आणि वाटपाला सुरुवात झाली. प्रत्येक नात्याचा मांसाचा तुकडा ठरलेला असतो, आणि त्या वाट्याला ‘सिबागा’ म्हणतात. मराठीत त्याला मी एकच शब्द वापरेन : मान. कमरेच्या हाडाचा भाग वडीलधाऱ्यांना आणि सन्मान्य पाहुण्यांना, छातीचा भाग जावयाला. शिजवलेले मेंढीचे डोके बाळाच्या आईच्या वडिलांसमोर, म्हणजे व्याह्यांसमोर ठेवले गेले. त्यांनी गालाचा एक तुकडा कापून स्वतः घेतला, एक आजोबांना दिला आणि कान कापून लहान मुलांना दिले, थोरांचे ऐकावे म्हणून. ज्याचे वडील हयात आहेत तो माणूस डोक्याला सुरी लावत नाही. आजोबांचा पन्नाशीला आलेला मुलगा त्याच पंगतीत बसला होता आणि त्याने त्या थाळ्याकडे हात केला नाही. मेंढीच्या घोट्याचे छोटे हाड, ‘असिक’, चाटूनपुसून मुलांच्या हाती गेले. त्याचा खेळ आपल्या गोट्यांसारखा रंगतो.

हिवाळ्याच्या तोंडाशी घरोघरी घोडा कापतात, आणि जे नातेवाईक तेव्हा येऊ शकत नाहीत, त्यांचा सिबागा मिठात वाळवून त्यांच्या नावाने ठेवून देतात. ‘कुणाचा वाटा कुठे आहे, ते सांगायला लागत नाही,’ असे सून म्हणाली. भाचीने तिचे शब्द मला मराठीत सांगितले. लांबच्या नातेवाइकाचे नाव घेऊन वाटा राखून ठेवणारे घर मी आजवर पाहिले नव्हते.

माझ्या वाट्याला कमरेच्या भागाबरोबर ‘कझी’च्या चकत्या आल्या. घोड्याच्या बरगडीचे मांस आणि चरबी, लसूण, मिरे आणि मीठ लावून, आतड्यात भरून हा पदार्थ करतात. कापलेली चकती जवळून पाहिली : मध्ये गडद लाल मांस, त्याला लागून फिकट पिवळी चरबी, आणि कडेला आतड्याची पातळ पारदर्शक किनार. घोड्याचे मांस खावे की नाही, याचा विचार मी अल्माटीतच करून ठेवला होता. ज्यांनी आपल्या घरातले सर्वांत मोलाचे माझ्यासमोर ठेवले, त्यांच्या पंगतीत ते बाजूला सारणे मला शक्य नव्हते. चव गोडसर आणि दाट होती, आणि तिच्यावर गार, आंबूस, किंचित फसफसणारा ‘किमीझ’, म्हणजे घोडीच्या दुधाचे पेय, फार छान लागतो.

मांसानंतर चहा आला, दुधाचा, आणि मला घरी आल्यासारखे वाटले. बिनकानाच्या छोट्या वाडग्यात सून तळाशी दोन घोट चहा ओतून द्यायची. चार वेळा असे झाल्यावर मी, तिचे श्रम वाचावेत म्हणून, वाडगा पूर्ण भरायला सांगितले. ती थबकली आणि तिने आजीकडे पाहिले. भाचीने मला हळूच समजावले, की भरलेला वाडगा म्हणजे ‘आता प्या आणि निघा’. थोडा चहा ओतायचा तो अशासाठी, की पाहुण्याने पुन्हा पुन्हा वाडगा पुढे करावा आणि बोलणे चालू राहावे. त्यानंतर मी किती वाडगे प्यायले ते मोजले नाही.

चहा चालू असताना सहा-सात वर्षांच्या एका मुलाला उभे करून त्याच्याकडून सात पिढ्यांची नावे म्हणवून घेतली. याला ‘झेती आता’, म्हणजे सात बाप, म्हणतात, आणि या सात पिढ्यांच्या आत लग्नसंबंध करत नाहीत. आपल्या धर्मशास्त्रातही पित्याकडून सातव्या पिढीपर्यंत सपिंड संबंध मानला आहे. पण श्राद्धाच्या तीन नावांपलीकडे मला माझ्या घराण्यातले एकही नाव सांगता आले नसते.

आजीच्या हातून बाउरसाकाचा एक तुकडा जमिनीवर पडला.  तिने तो उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मग ती थोडा वेळ बोलली. १९३० ते १९३३ या काळात सोव्हिएत राजवटीने भटक्या कझाकांची जनावरे जबरदस्तीने सामुदायिक केली आणि त्यातून आलेल्या दुष्काळात सुमारे पंधरा लाख माणसे मेली. त्यांच्या स्मरणाचा दिवस, ३१ मे, नुकताच होऊन गेला होता. तिची आई तेव्हा लहान मुलगी होती आणि पाच भावंडांपैकी ती एकटीच जगली. त्या दिवसाला आजीने सात शेल्पेक, म्हणजे पातळ तळलेल्या पोळ्या केल्या होत्या. तशा त्या दर शुक्रवारीही करतात. तापलेल्या तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोहोचतो, असे तिथे मानतात. पंगतीत पाहुण्याला इतक्या आग्रहाने का वाढतात, ते मला तेव्हा उमगले.

निघायच्या आधी आजोबांनी दोन्ही तळहात वर उघडे धरले. सगळ्यांनी तसेच केले. त्यांनी बाळासाठी ‘बाता’ दिली, म्हणजे आशीर्वाद म्हटला, आणि शेवटी सर्वांनी तळहात चेहऱ्यावरून खाली फिरवले. मी दाराशी पायताण घालत असताना सून धावत आली आणि तिने एक पिशवी माझ्या हातात दिली. पंगतीत उरलेले थोडेथोडे बांधून पाहुण्याबरोबर द्यायचे, त्याला ‘सारकीत’ म्हणतात, आणि ते नाकारायचे नसते. माझ्या घरच्या, येऊ न शकलेल्यांची नावे तिने विचारली. मी माझ्या आईचे नाव सांगितले. तिने आत जाऊन आणखी चार बाउरसाक आणि वाळवलेल्या दह्याच्या दोन खारट गोळ्या वेगळ्या कागदात बांधून आणल्या, आणि तो पुडा पिशवीत सर्वांत वर ठेवला.