बीएमआय नॉर्मल, पण कंबर कोण मोजणार?

वार्षिक आरोग्य तपासणीचा तो फॉर्म आठवला की आजही डोकं तापतं. उंची, वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा), रक्तदाब, सगळ्याला चौकट होती. कंबरेच्या घेराला नाही. माझा बीएमआय २२.५, म्हणून शेरा 'नॉर्मल', आणि नॉर्मल माणसाला लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, लिहून द्यायचं नाही, हा तिथला नियम.

हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलेलं, वडिलांना मधुमेह. म्हटलं, "कंबर मोजा ना." काउंटरवरून उत्तर आलं, "सर, फॉर्ममध्ये तो कॉलमच नाही." नर्सबाईंकडे टेप नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वजन ठीक आहे, कशाला काळजी करता?" अहो, काळजी वजनाची नव्हतीच! आतड्यांभोवती साठलेली चरबी फॅटी ॲसिड सोडते, ती आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेवाटे थेट यकृतात जातात. यकृत मग इन्सुलिनला दाद देत नाही, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) दोन्ही वाढतात. काट्यावर यातलं काय दिसणार? चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, असं फ्रान्सचे डॉ. जाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये मांडलं होतं. इतक्या वर्षांत एक चौकट वाढवता आली नाही?

मी जागचा हललो नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कुठूनतरी टेप आणला. घेर ९६ सेंमी! दक्षिण आशियाई पुरुषांसाठी मर्यादा ९०, बायकांसाठी ८०. त्यांनी तो आकडा समासात लिहिला आणि रक्ततपासणीची चिठ्ठी दिली. उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, फक्त ३६. घेर, साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला. माझे चार बिघडले होते.

पुढचं सरळ होतं: रोज भरभर चालणं, गोड कमी, पुरेशी झोप. घेर ९१ वर आला, ट्रायग्लिसराइड दीडशेच्या खाली. वजन जेमतेम हललं, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका.

मोजायचं कसं, ते राहिलंच. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. पँटच्या साइझवर जाऊ नका. घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर फॉर्ममध्ये चौकट असो वा नसो, आकडा लिहून घेतल्याशिवाय उठू नका.