आमची वाटचाल: आधी ऊन, मग कुंडी

सुरुवातीला आम्ही रोपं विकायचो. टोमॅटो, मिरची, वांगी, मागाल ते, कुंडीत लावून घरपोच. फळं धरलेलं रोप समोर ठेवलं की गिऱ्हाईक फार घासाघीस करत नसे. मग महिन्याभरात त्याच माणसाचा फोन यायचा, "पानं पिवळी पडली, फुलं गळली, बदलून द्या." आम्ही मुकाट्याने बदलून द्यायचो. पहिल्या वर्षाचा नफा त्यातच गेला.

अशाच एका तक्रारीवर मी स्वतः गेले. ताई हौशी, पाणी सकाळ-संध्याकाळ न चुकता. कुंडी उपडी केली तर आत नुसता चिखल, आंबूस वास, मुळं तपकिरी आणि हाताला बुळबुळीत. तळाशी खड्यांचा चांगला जाड थर. तो आम्हीच घातलेला, निचरा व्हावा म्हणून! खड्यांनी निचरा सुधारत नाही, हे मला त्यानंतर वाचून कळलं. बारीक माती पाणी धरून ठेवते, ती पुरती तुडुंब झाल्याशिवाय पाणी खालच्या खड्यांत उतरतच नाही. खड्यांनी मुळांची जागा तेवढी खाल्ली होती.

तेव्हापासून आम्ही मातीच्या मागे लागलो. जमिनीतली माती नुसती भरली तर 12 इंची कुंडी पाणी घातल्यावर 25 किलोच्या घरात जाते, शिवाय काही महिन्यांत विटेसारखी घट्ट बसते. म्हणून कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा), चांगलं कुजलेलं खत आणि परलाइट (भाजून फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) असं हलकं मिश्रण करू लागलो. तिथेही एकदा तोंड पोळलं. कोकोपीटची एक खेप न धुतलेली आली. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असली की क्षार त्यात राहतात. पानांच्या कडा करपल्या, 60 रोपं फेकावी लागली. पुरवठादाराला बोलून काय उपयोग, तपासायला आम्हीच हवं होतं. आता प्रत्येक खेपेतलं मूठभर भिजवून त्या पाण्यातले क्षार मीटरने मोजतो. जास्त निघाले की पुन्हा धुवायचं.

आज आमची खरी विक्री या मिश्रणाची आहे. रोप मागितलं तर आधी विचारतो, थेट ऊन किती तास? "भरपूर उजेड येतो," हे ठरलेलं उत्तर. उजेडावर टोमॅटो धरत नाही, त्याला किमान 6 तास ऊन लागतं. म्हणून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी काढलेले बाल्कनीचे फोटो मागवतो. 3-4 तासच ऊन असेल तर पालक किंवा पुदिना घ्या म्हणून सांगतो. काही जण रागावून दुसरीकडे जातात. धंद्यात माझ्याबरोबर असलेल्या भावाला हे अजून पटलेलं नाही.

पाण्याचं वेळापत्रक मात्र आम्ही कुणालाच देत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको, एवढंच सांगतो.

त्या ताईंचा मध्यंतरी पुन्हा फोन आला. रोप टवटवीत आहे, फुलंही आली, फळ का धरत नाही? बाल्कनीला काचा, वारा नाही. म्हटलं, रोज सकाळी फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारा, परागकण झडतील. "एवढंच?" म्हणाल्या. काल फोटो आलाय, मण्याएवढे तीन हिरवे टोमॅटो.