जिवंत असून मेलेली

जूनमध्ये मला एकसष्टावं लागलं. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, यादीत कोणत्या विधवेचं नाव घालावं, हे बायबलमध्ये प्रेषित पौलाने तीमथ्याला पहिल्या पत्रात लिहिलंय. वय साठच्या खाली नसावं, ही त्यातली एक अट. तिच्यात मी बसते. पण तिने पाहुणचार केलेला असावा, पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत, संकटात पडलेल्यांना मदत केलेली असावी, हे पुढचं वाचताना माझा आवाज खाली जातो. आणि त्याच अध्यायात सहावं वचन आहे: "जी विलासी आहे ती जिवंत असून मेलेली आहे."

हे वचन मी लहानपणापासून ऐकत आलेय. विलासी म्हणजे दुसरी कुणीतरी, असंच वाटायचं. बँकेतून निवृत्त झालेली, वडगाव शेरीत दोन खोल्यांत राहणारी बाई कसला विलास करणार?

ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. पहिलं वर्ष मंडळीने मला अक्षरशः उचलून धरलं. त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की कुणाचा डबा करायचा नव्हता आणि कुठे गेलीस, कधी आलीस, हे विचारणारंही कुणी नव्हतं. रात्री दोन-अडीचपर्यंत मालिका बघायच्या, नऊला उठायचं, मनात येईल ते मागवून खायचं. करोनात मोबाईलवर उपासना बघायची सवय लागली, ती चर्च उघडल्यावरही सुटली नाही. तिकडे पाळकसाहेबांचा उपदेश चालू, इकडे मी पोहे परततेय. जेवणाआधीची प्रार्थना आखडत आखडत नुसत्या 'आमेन'वर आली. यातल्या कशालाही कुणी पाप म्हणालं नसतं. म्हणून तर मला काही कळलं नाही.

कळलं ते गेल्या वर्षी फेब्रुवारीत. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. ते कुटुंब ख्रिस्ती नाही. तिची सासू माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही लोक प्रार्थना करता ना, येता का जरा?" मी गेले. मुलीचा हात हातात घेतला, डोळे मिटले, आणि एक शब्द सुचेना. शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पाठ होती ती म्हटली आणि उठले. प्रभूने शिकवलेली प्रार्थना कधी उणी पडत नाही. उणी मी पडले, कारण मी ती तिथून सुटण्यासाठी म्हटली.

माझी आजी नेवासे तालुक्यात बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल सांगत फिरणारी सेविका होती. पायी गावोगाव फिरायची. तिला जेमतेम लिहिता यायचं, पण दुःखातल्या माणसाच्या उशाशी बसली की पाटाला पाणी सुटावं तशी प्रार्थना यायची. माझा पाट कधी आटला, मला पत्ताच नव्हता.

त्या रात्री मालिका लावली नाही. पवित्र शास्त्र चाळताना यहेज्केल 16:49 वर थांबले. पापासाठी नाश झालेल्या सदोम नगराचं पाप म्हटलं की आपण भलतंच समजतो. तिथे लिहिलंय ते गर्व, पोटभर अन्न आणि निवांत सुखाबद्दल. आणि एवढं असून दीनदुबळ्यांच्या हाताला आधार दिला नाही याबद्दल. ते माझ्याच घराचं वर्णन होतं.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एकदा पुण्याहून गाडीने केडगावला गेले. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, पण विधवा म्हणून पहिल्यांदाच पाहत होते. रमाबाई 1882 मध्ये विधवा झाल्या तेव्हा चोवीस वर्षांच्याही नव्हत्या, पदरात लेक मनोरमा. पुढे इंग्लंड-अमेरिकेत मान मिळाला. त्या मानावर जगणं काही अवघड नव्हतं. त्यांनी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली घरी आणल्या आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला घेतलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली, तरी ते काम त्यांनी सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. तिथल्या आवारात मी बराच वेळ बसून होते. मला रमाबाई होता येणार नाही, पण दार उघडं ठेवणं तर जमेल.

सुख वाईट, असं मी म्हणत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या त्याच पत्रात पुढे सहाव्या अध्यायात पौल म्हणतो, की देव आपल्याला उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो. हापूस मी आजही आवडीने खाते. पण दिवस उगवतो तो माझ्या करमणुकीसाठीच, असं जगत होते, ते मारत होतं.

आता सकाळी एक अध्याय मोठ्याने वाचते, कारण मनात वाचलं की डोळे नुसते ओळींवरून फिरतात. रविवारी बाकावर जाऊन बसते. बुधवारी भगिनी मंडळातल्या दोघींबरोबर आजाऱ्यांच्या घरी जाते. पहिले दोन महिने सगळं कोरडंच होतं. प्रार्थना करताना माझाच आवाज मला परका वाटायचा. तरी जात राहिले.

त्या मुलीकडेही गेले. पहिल्यांदा नुसती माफी मागितली. कशाची, ते तिला कळलं नाही, पण ती रडली आणि मीही.

परवा ती आपणहून आली. पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना, अजून माहेरीसुद्धा सांगितलं नाही म्हणाली. मी चहाच्या तयारीत होते. तिथेच ओट्याशी उभं राहून तिचा हात धरला आणि प्रार्थना सुरू केली. गॅसवर दूध ठेवलंय हे मला आठवलं, ते उतू जाऊन ओट्यावरून खाली आमच्या पायांवर ओघळलं तेव्हा.