पांढरी दोन आणि मामाची रेकॉर्ड

गेल्या शनिवारी दुपारपासून जो पाऊस लागला तो काही थांबेना. म्हटलं, आज आमच्या शनिवारच्या जॅझ ऐकायच्या बैठकीला कोणी येत नाही. तरी पडवीत चटई अंथरली, पेटीवरचं प्लॅस्टिक काढलं आणि ओल लागू नये म्हणून रेकॉर्ड प्लेअर भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवला. साडेसहाला बुवा आले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. पाठोपाठ उभादांड्याहून अंकल स्कूटरवरून. भाची घरातच होती. पाचवी आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, चुलीजवळून ऐकते आणि तिथूनच मत देते.

मी वेंगुर्ल्याचा. काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात एकतीस वर्षं गेली आणि गावच्या भजनात पेटी धरतो. जॅझ माझ्याकडे थोरल्या मामाकडून आला. मामा मालवाहू बोटीवर होता. दोन-दोन वर्षांनी घरी यायचा तेव्हा ट्रंकेत साबण, ब्लेड, चॉकलेट आणि कपड्यांच्या घड्यांत दोन-तीन रेकॉर्ड्स असायच्या. रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावायचा. विलिस कोनोव्हर १९५५ पासून तिथे जॅझचा कार्यक्रम करत होता. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनची 'टेक द ए ट्रेन' वाजायची आणि मग तो एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलायचा, इंग्रजी जेमतेम कळणाऱ्यालाही समजावं म्हणून. मामा सातवीपर्यंत शिकलेला. त्याला सगळं कळायचं.

मामाच्या तेवीस रेकॉर्ड्स आता माझ्याकडे आहेत. कोकणात रेकॉर्ड सांभाळणं म्हणजे आषाढापासून भाद्रपदापर्यंत बुरशीशी भांडण. खाचांत वाळूच्या कणाएवढे पांढरट ठिपके धरतात आणि सुई त्यावरून गेली की तव्यात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणतो. जरासं कोमट करून त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाकायचा. जुन्या मलमलीच्या तुकड्याने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. लेबल भिजू द्यायचं नाही. मग नुसत्या पाण्याने पुन्हा एकदा, आणि सावलीत उभी ठेवून वाळवायची. उन्हात ठेवली तर वाकते. शनिवारी सकाळचे दोन तास माझे यातच जातात आणि मला ते काम मनापासून आवडतं.

बुवांना जॅझ ऐकवायचं हे माझ्या मनात तीन वर्षं होतं. बुवा डबलबारीतले, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यातले. समोरच्या बुवांच्या गजराला उभ्या उभ्या उत्तर बांधणारे. पण जॅझ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे लग्नातला धांगडधिंगा यायचा. आधी मी चूक केली होती. एकदा त्यांना बसवून अर्धा तास इतिहास सांगितला, न्यू ऑर्लिन्स, शिकागो, न्यू यॉर्क. बुवांनी चहा घेतला आणि उठून गेले. तेव्हापासून ठरवलं की समजावून सांगायचं नाही. ज्याला जे काम हाताचं आहे, त्याच्या पुढ्यात तेच ठेवायचं.

म्हणून शनिवारी पहिली एला फिट्झजेराल्ड, १९६० मधली बर्लिनची मैफल. 'मॅक द नाइफ' गाताना मध्येच ती शब्द विसरते. थांबत नाही, लय सोडत नाही. गाण्याच्या चालीतच नवे शब्द रचून सांगते की मी शब्द विसरले, मग ज्यांनी हे गाणं गाजवलं त्यांची नावं गुंफते, लुई आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढून दाखवते आणि गाणं टाळ्यांत नेऊन सोडते. या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळालं. भाचीने बुवांना एवढंच सांगितलं, "बुवानु, ती शब्द इसारली हा." बुवा मांडीवर ठेका धरून बसले होते, ते एकदम पुढे सरकले. बारीत शब्द हरवणं म्हणजे काय, हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक असणार? पुन्हा लावायला लावलं. दुसऱ्या वेळी ती अडते त्या जागेवर त्यांनी स्वतःच बोट वर केलं.

मग अंकलसाठी लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज'. अंकल चाळीस वर्षं लग्नाच्या आणि चर्चच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत आले. २८ जून १९२८ ला शिकागोत हे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा आर्मस्ट्राँग सव्वीस वर्षांचा होता. सुरुवातीला साथीला कोणी नाही, एकटं ट्रंपेट. चार सूर ठामपणे येतात, मग ओळ वर चढते आणि तिथून जी घसरण सुरू होते ती ऐकताना आपणच दम धरून बसतो. पुढे अर्ल हाइन्सचा पियानो आहे, मधे आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय नुसत्या आवाजाने क्लॅरिनेटला उत्तरं देतो. शेवटाकडे एक वरचा सूर धरतो तो चार बार, म्हणजे चार-चार मात्रांची चार आवर्तनं, सोडतच नाही. अंकलनी डोळे मिटले होते. तो लांब सूर आला तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर दाबलेली राहिली आणि सूर सुटल्यावरच सुटली. म्हणाले, "ह्यो श्वास खंय घेता?"

अंकलचा या सगळ्याशी धागा आपल्या बाजूचाही आहे. त्यांच्या वडिलांच्या पिढीचे किती तरी गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत होते. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ म्हणजे चिक चॉकलेट. त्याला लोक हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. आपल्या सी. रामचंद्रांच्या १९५१ मधल्या 'अलबेला'त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. तेव्हा जॅझ आपल्याकडे परका आहे असं कोणी म्हटलं की अंकल चिडतात, आणि ते बरोबरच आहे.

डेव्ह ब्रुबेकचं 'टेक फाइव्ह' मी मुद्दाम लावत नाही. छान आहे, पॉल डेस्मंडने बांधलेलं पाच मात्रांचं काम आहे, पण नव्या माणसाला ते ऐकवलं की तो मात्रा मोजत बसतो आणि सॅक्सोफोन ऐकायचा राहून जातो.

बिली हॉलिडे मात्र ऐकवावीच लागते. टीव्हीवर भाचीने १९५७ सालच्या डिसेंबरातला तो अमेरिकन कार्यक्रम लावला, 'फाइन अँड मेलो'चा. गाणं बिलीने स्वतः लिहिलेलं. ब्लूजची रीत अशी की एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं, सगळं मिळून बारा बार. बिली उंच स्टुलावर बसलीय, भोवती वादक अर्धगोल करून. ती ओळ जागेवर सुरू करतच नाही. ठेका पुढे जातो, ती मागे रेंगाळते, आता हुकली असं वाटतं तोवर ओळीच्या शेवटाला येऊन मिळते. गंधार धरते तो कोमल नाही की शुद्ध नाही, दोहोंच्या मधला. पेटीवर तो सूर नाही. मी कितीदा शोधलाय.

मग एकेक वादक आपले बारा बार वाजवतो. सॅक्सोफोनवाला बेन वेबस्टर झाल्यावर दुसरा सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग उभा राहतो. बिलीला 'लेडी डे' हे नाव त्याचं आणि त्याला 'प्रेझ' हे नाव तिचं. तरुणपणी दोघांनी मिळून पुष्कळ काम केलं होतं, नंतर अंतर पडलं होतं. प्रेझ आजारी दिसतो. इतरांनी भरभरून वाजवलेलं असतं, हा अगदी थोडे सूर घेतो, प्रत्येक सूर आधी पारखून ठेवल्यासारखा. कॅमेरा बिलीवर जातो. ती मान हलवते, ओठ किंचित उघडतात, आणि चेहऱ्यावर जे येतं त्याला मला आजवर शब्द मिळालेला नाही. आमची मंडळी तोवर हातातली पळी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "बघ कशी बघता ती त्येका." पुढे दीडच वर्षात दोघं गेली. तो १९५९ च्या मार्चमध्ये, ती जुलैत.

भाचीला 'स्ट्रेंज फ्रूट' लावायचं होतं. मी नाही म्हटलं. एबल मीरोपोल नावाच्या शाळामास्तराने झाडाला टांगून मारलेल्या काळ्या माणसांवर लिहिलेली ती कविता आहे. बिलीच्या कंपनीने ते गाणं करायला नकार दिला, म्हणून १९३९ च्या एप्रिलमध्ये कमोडोर या छोट्या कंपनीकडे तिने ते मुद्रित केलं. 'फाइन अँड मेलो' त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला होतं. ते गाणं चहाच्या कपांच्या आवाजात ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे. एकट्याने ऐकावं आणि त्यानंतर त्या रात्री दुसरं काही लावू नये.

शेवटी ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. आणि इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना मी मामाच्या या रेकॉर्डबरोबर पेटी वाजवायला बसायचो. पहिल्या बाजूचं 'सो व्हॉट' ऐकून मला कळलं होतं की हा आपला काफी थाट आहे. पांढरी दोनला, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरा आणि काळ्या पट्टीला बोट न लावता नुसत्या पांढऱ्या वाजवत जा, गंधार-निषाद आपोआप कोमल लागतात, झाला काफी. सोळा बार तसे, मग आठ बार सगळं उचलून काळी दोनवर, पुन्हा आठ बार खाली पांढरी दोनवर. बस, एवढाच आराखडा. पण पेटी रेकॉर्डशी जुळेना. रेकॉर्ड जराशी चढी. मामाला वाटलं प्लेअर जोरात फिरतो. आम्ही तबकडीला कागदाचा तुकडा चिकटवून घड्याळ लावून फेरे मोजले, तीन मिनिटांत बरोबर शंभर. प्लेअर ठीक होता. मग पेटीवर संशय. पण रेकॉर्ड उलटून 'ऑल ब्लूज' लावलं की तीच पेटी पांढरी पाचला तंतोतंत मिसळायची. एकाच रेकॉर्डची एक बाजू पेटीशी जुळते आणि दुसरी चढी कशी? मामा पुढच्या सफरीला गेला, कोडं तसंच राहिलं.

उत्तर मला कितीतरी वर्षांनी वाचायला मिळालं. पहिल्या बाजूची तिन्ही कामं २ मार्चची, दुसऱ्या बाजूची २२ एप्रिलची. जागा एकच, न्यू यॉर्कमधल्या ३० व्या रस्त्यावरचा, पूर्वी चर्च असलेला स्टुडिओ. २ मार्चला मुख्य टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे ती टेप नीट वेगाने वाजवली की सूर चढे यायचे. १९९० च्या दशकात नव्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा हे दुरुस्त झालं. ते वाचलं त्या दिवशी मामाला सांगायची फार इच्छा झाली. मामा तेव्हा नव्हता.

शनिवारी बुवांना यातलं मी काहीही सांगितलं नव्हतं. मामाचीच रेकॉर्ड लावली. सुरुवातीला पियानो आणि बासची दबकी कुजबुज, मग पॉल चेंबर्स बासवर ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. बुवा लगेच म्हणाले, हा बुवा आणि हा कोरस. अगदी खरं. माइल्सने पहिले सूर घेतले तसा बुवांनी पेटीचा भाता सोडला आणि एक पट्टी दाबली. दुसरी दाबली. कपाळाला आठी. "अरे, ही पट्टी खंयची? पांढरी दोन नाय, काळी दोनय नाय."

माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांपूर्वी मी नि मामा जिथे अडलो होतो तिथे बुवा पहिल्या दोन मिनिटांत येऊन उभे राहिले.

मी तोंड उघडणार एवढ्यात लाईट गेली. माइल्सचं ट्रंपेट ओढत, खाली खाली उतरत थांबलं. भाचीने मेणबत्ती लावली आणि फोनवर दुरुस्त केलेली प्रत शोधून छोट्या स्पीकरवर लावली. अंधारात पाऊस आणि ती कुजबुज. बुवांनी पांढरी दोन धरली. बसली. सूर सुरात असा गेला की पेटी वाजते आहे हे फक्त भात्याच्या हालचालीवरून दिसत होतं. मी बार मोजत होतो, चौदा, पंधरा, सोळा, आणि हळूच म्हटलं, "आता काळी दोन." बुवांचा हात तोवर गेलेला होता.

नऊ मिनिटांचं काम संपलं. अंकल काही बोलले नाहीत. बुवा म्हणाले, "परत लाव. तो काळी दोनवर जाता ना, थंयसून."

लाईट साडेनऊला आली. तोवर आम्ही ते चार वेळा ऐकलं होतं.

येत्या शनिवारी निवड भाचीची. गायिका सारा व्हॉन आणि ट्रंपेटवाला क्लिफर्ड ब्राउन यांचं १९५४ चं काम तिने काढून ठेवलंय. ब्राउन पुढे दोन वर्षांत, पंचविसाव्या वर्षी अपघातात गेला, तेव्हा जे आहे ते जपूनच ऐकायचं. तुमच्यापैकी कोणी वेंगुर्ल्याच्या आसपास असाल आणि घरात सारा व्हॉनची रेकॉर्ड असेल तर घेऊन या, पुसून मी देईन. अंकल ट्रंपेट आणणार आहेत, आवाज दाबायच्या म्यूटसकट.