रायफल तोंडाशी झिजली होती

नागपूरच्या इतवारीतल्या बंदूक रिपेअरच्या लायसनवाल्या दुकानात मी १९ वर्षांपासून काम करून राहिलो, पण मागच्या मे महिन्यातली ती रायफल अजून डोक्यातून जात नाही.

काटोलकडचे काकाजी आले, संत्र्याचा बगिचा आहे त्यांचा. कापडात गुंडाळलेली विंचेस्टर १८९४ रायफल, .३०-३० नावाच्या काडतुसाची, खालची लिव्हर ओढून लोड होणारी. म्हणाले, "भाऊ, हिच्यात आता काही राम नाही राहिला. काडतूसच सव्वाशे वर्षांपूर्वीचं, त्याच्यानं काय नेम लागन, विकूनच टाकतो."

मला ते काडतुसावर ढकलणं पटलं नाही. .३०-३० बाजारात आलं १८९५ मध्ये, अमेरिकेत शिकारी रायफलसाठी निघालेलं लहान बोअरचं, म्हणजे बारीक छिद्राच्या नळीचं, पहिलं बिनधुराच्या बारुदाचं काडतूस ते, आणि पन्नास मीटरवर त्याची गोळी कपभर जागेत बसायलाच पाहिजे. काकाजींकडे लायसनवर चढलेले २२ राउंड उरले होते. पाच रेंजवर टेकू देऊन मारले तर टार्गेटवर हाताच्या पंजापेक्षा मोठा पसारा, एक तर कागदाच्या कडेलाच.

दुकानात आल्यावर आधी नळी साफ केली, किती वर्षांचा काळा थर निघाला देव जाणे. मग बिनबारूद, बिनटोपीचं डमी काडतूस उलटं धरून नळीच्या तोंडात घातलं. गोळी थोडी आत जाऊन आट्यांवर, म्हणजे नळीच्या आतल्या गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचांवर, अडायला पाहिजे, ही तर पितळी केसपर्यंत सुळकन गेली! भिंगातून पाहिलं तर तोंडाशी आटे जवळपास पुसलेले, कड एका बाजूनं अंडाकृती. गोळी बाहेर पडताना मागचा गॅस त्या झिजलेल्या बाजूनं आधी सुटतो, गोळीला तिथंच धक्का बसतो, मग पुढं कितीही नेम धरा.

विचारलं, काकाजी, हिला पुसायचं कोण? "बाबा. दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आधी लोखंडी गज घालून अर्धा तास पुसायचे, मी समोर बसून रायफल धरायचो." या रायफलीत मागून गज जातच नाही ना, तोंडातूनच घालावा लागतो, तो वाकतो, त्याला धूळ चिकटते आणि दरवेळी तिथंच घासतो. सांगावं की नाही, मिनिटभर कळेना मला. मग सांगितलं. काकाजी काहीच बोलले नाहीत, नळीच्या तोंडावर अंगठा फिरवत राहिले.

लेथवर घेतली. इथं बाहेरच्या गोलाईवर भरवसा ठेवून चालत नाही, छिद्र मधोमध असेलच असं नाही, म्हणून छिद्रात पायलट, म्हणजे हत्याराला मधोमध धरणारी दांडी, बसवून तोंडाचा दीड सूत भाग आतून मोठा केला, म्हणजे गोळी आता धड आट्यांवरून बाहेर पडते आणि नळीची लांबी तेवढीच राहते. नळी कापून छोटी करायचा विषयच नाही, शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ मध्ये त्याला वेगळं लायसन लागतं.

पुन्हा रेंजवर. पहिल्या दोन गोळ्या एकमेकीला चिकटून, तिसरीपासून वर वर चढायला लागल्या. नळी तापली की असं होतं, कारण खालची काडतुसं भरायची मॅगझीनची नळी आणि पुढचं लाकूड पट्ट्यांनी तिला आवळून धरतात, तिला सरकायला जागाच नसते. लाकूड मागं बॉडीला घट्ट दाबून बसलं होतं, तिथं कागद सरकेल एवढं खरवडलं, पट्ट्यांचे स्क्रू नीट बसवले. टेकूही नळीखाली नाही, लाकडाखाली, बॉडीच्या जवळ घेतला, काकाजी आधी नळीच टेकवून मारत होते.

शेवटच्या पाच गोळ्या चहाच्या कपाखाली झाकल्या गेल्या. काकाजींनी कागद घडी करून खिशात ठेवला, विकायचं नाव नाही काढलं.

जाताना म्हणाले, "दसऱ्याला पुसायचं कसं ते दाखव." वजन लावलेली दोरी दिली, लिव्हर उघडून मागून सोडायची अन् तोंडातून सरळ बाहेर ओढायची. काउंटरवरच त्यांनी तीनदा ओढून पाहिली, चौथ्यांदा नातवाच्या हातात दिली.