सवलत नव्हे, मक्ता

पहिल्याच बैठकीत घोळ झाला, आणि तो माझ्यामुळे. जंगलाच्या कडेला पर्यटक निवास उभारायला उद्यान प्रशासन एका खासगी कंपनीला 'कन्सेशन' देणार होतं. मसुदा मराठीत आणताना मी शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला: सवलत. लोक भडकले. "आमच्या गुरांची वाट बंद करायची, आणि वर कंपनीलाच सवलत?" मागे बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "अरे, हा मक्ता आहे. मग मक्ताच म्हणा की." जमीन विकायची नाही, ठरावीक वर्षं धंदा करू द्यायचा, त्याचे पैसे घ्यायचे, मुदत संपली की जागा परत. पुढचा तासभर जे मला समजावून सांगायचं होतं ते त्यांनी एका शब्दात संपवलं.

मी गावाच्या समितीवर होतो ते हिशेब कळतो म्हणून. सह्या होईस्तोवर पावणेतीन वर्षं गेली. त्यातला बराचसा वेळ कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी लढाई एका शब्दावर झाली. मसुद्यात गावाला 'निव्वळ नफ्याचा' वाटा होता. ऐकायला झकास! मी फळ्यावर खोलीचं भाडं शंभर धरलं आणि एकेक वजा करत गेलो: एजंटांचं कमिशन, पगार, डिझेल, कर्जाचं व्याज, घसारा, शिवाय मुख्य कार्यालयाचा 'व्यवस्थापन खर्च'. खाली भोपळा उरला. कंपनीने खोटं काहीच लिहिलं नव्हतं, हे विशेष. मग आम्ही अडून बसलो: वाटा उलाढालीवर हवा, आणि खोल्या रिकाम्या राहिल्या तरी एक किमान रक्कम हवी, दोहोंत जी जास्त ती.

कंपनी म्हणाली, असं कुठे नसतं. असतं. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात 2000 च्या सुमारास जे मक्ते दिले गेले, ते वीस वर्षांचे होते, फी उलाढालीवर होती आणि मुदतीनंतर इमारती उद्यानाकडे जायच्या होत्या. त्याच उद्यानाच्या उत्तर टोकाच्या माकुलेके लोकांचं उदाहरण मात्र आमच्या फारसं कामाचं नव्हतं. 1969 मध्ये त्यांना तिथून हुसकावलं होतं; 1998 मध्ये सुमारे 24,000 हेक्टर जमीन त्यांच्या मालकीची झाली. त्यांनी जंगल तसंच राखलं आणि लॉजवाल्यांशी मालक म्हणून करार केले. आमच्या नावावर एक गुंठाही नव्हता. करारात आम्ही नुसते 'लाभार्थी'. लाभार्थ्याला हिशेबाच्या वह्या कोण दाखवणार? गावाची तिसरी सही हवी, हे मान्य व्हायला अकरा महिने लागले.

उलाढालीवरचा वाटा मिळाला, किमान रक्कम मिळाली, नोकऱ्यांचं कलम मिळालं. आलेल्या पैशातून गावच्याच चौदा पोरांना जंगलात गस्तीला ठेवलं.

मग 2020 चा मार्च आला. निवास बंद, उलाढाल शून्य. किमान रक्कम तरी येईल म्हणून पत्र लिहिलं, तर उत्तरात कंपनीने आकस्मिक आपत्तीचं कलम दाखवलं. अशा काळात तीही थांबणार होती. ते पान मी शेवटच्या दिवशी, सह्यांच्या गडबडीत चाळलं होतं. दोन महिन्यांत गस्त थांबली. त्या पावसाळ्यात एकाच पाणवठ्याभोवती नऊ फासे सापडले, सायकलच्या ब्रेकच्या तारेचे. एकाला रानडुकराचे केस चिकटले होते. फासे लावणारे बाहेरचे नव्हते, आणि गस्तीचा पगार बंद झालेल्या घरांकडे बोट दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

आता प्रत्येक हप्त्यातला दहावा भाग वेगळ्या खात्यात पडतो. सहा महिन्यांचे पगार भागतील इतका साठा झाल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलंय. परवाच्या बैठकीत आजींनी नवं काढलं: "मक्ता संपल्यावर इमारती आपल्याकडे येणार ना? मग शेवटची पाच वर्षं छपराची डागडुजी कोण करणार?" करारात त्याबद्दल एक ओळही नाही. पुरवणी करार लिहायला घेतलाय. या वेळी सगळी पानं मी त्यांना वाचून दाखवणार आहे.