माळढोक पाहायला जैसलमेर: पोरीला घेऊन गाडीने जायचा आमचा प्लॅन

दिवाळीच्या सुट्टीत पोरीला घेऊन जैसलमेरला जायचं पक्कं झालं आहे, तेही आपल्या गाडीने. गावात ज्याला सांगितलं तो एकच विचारते, ताडोबा दारात असताना इतक्या लांब रेतीत काय पाहायला चालले? म्हटलं सगळं लिहूनच काढावं, लहान लेकरू घेऊन कोणाला जायचं असलं तर कामी पडेल.

तर कारण माळढोक आहे. आमच्या सासऱ्यांनी, आबांनी, तो वरोऱ्याकडच्या माळावर पाहिलेला आहे. ते सांगतात की मीटरभर उंच पक्षी, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, आणि बैलगाडी दिसली तरी लगेच उडत नसे, मान वर करून पाहायचा आणि शांतपणे गवतातून चालत जायचा. नर १५ किलोपर्यंत भरते म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांतला वजनदारच. आता आमच्याकडे माळ राहिले कुठे, काही नांगरले गेले, काही खाणीत गेले, उरलेल्यावरून तारा गेल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, नजर बाजूची आहे, म्हणून उडताना तारेवर आदळून मरते, आणि मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, मग गेलेला पक्षी भरून निघणार कसा? देशात दीडशेही उरले नाहीत असं म्हणतात आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडेच आहेत. आबांनी जे घराजवळ पाहिलं ते नातीला पाहायला एवढ्या लांब न्यावं लागते याचं मला खरंच वाईट वाटते, पण न्यायचं तर आत्ताच न्यायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचारच केला नाही. आपण विदर्भातले, ४५-४६ ची सवय आहे म्हणून कोणी छाती काढून जाऊ नका बाप्पा, याच रस्त्यावरच्या फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री तापमान होतं, देशातला रेकॉर्ड आहे तो. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भाऊबीज करून निघालो तर तिकडं दिवसा ऊन सोसण्यासारखं आणि रात्री स्वेटर. सोयाबीन तोवर घरात आलेलं असते, कापसाची वेचणी तेवढी आई आणि जाऊबाई पाहून घेतो म्हणाल्या आहेत, त्यांच्या जिवावरच हे सगळं चाललं आहे.

रस्ता सोपा आहे, नागपूरहून ४७ नंबरचा हायवे पकडला की बैतूल, इंदूर, दाहोद, गोध्रा करत अहमदाबादपर्यंत तोच. आमच्या ह्यांचं म्हणणं होतं की पहाटे निघून रात्री इंदूर गाठू, मी नाही म्हटलं. सात वर्षांच्या लेकराला दिवसाला साडेतीनशे किलोमीटरच्या वर नाही, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम, हा नियम. पहिला मुक्काम बैतूल, त्याआधी मुलताईला तापीचा उगम लागते तिथं तासभर उतरायचं, पोरगी पायही मोकळे करेल आणि भूगोलाच्या पुस्तकातली नदी कुठून निघते तेही पाहील. घाटात तिला मळमळते म्हणून निघताना पोटात फक्त मुरमुरे, आणि जवळ आवळा सुपारी.

अहमदाबादच्या पुढं कच्छचं छोटं रण, दसाडा-झैनाबादकडून आत जाते. इथं रानगाढवांचं अभयारण्य आहे, १९७३ सालचं, जवळपास पाच हजार चौरस किलोमीटर. पावसाळ्यात बंद असते, ऑक्टोबरच्या मध्यात उघडते. रणात आपली गाडी घालायची नाही म्हणजे नाही. वरून कोरडी पापडी दिसते आणि खाली चिखल, चाक एकदा खचलं की माणसं बोलवावी लागतात, म्हणून तिथलीच जीप आणि तिथलाच ड्रायव्हर. रानगाढव ताशी सत्तरच्या वेगानं पळते हे ऐकल्यापासून पोरगी रोज ह्यांना विचारते की आपल्या गाडीचा काटा सत्तरवर कसा दिसते. पण मला तिला मिठागरंही दाखवायची आहेत. अगरिया लोक पावसाळा सरला की कुटुंबासकट रणात जाऊन राहतात, जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यात सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवतात. तिच्या वयाची पोरं तिथं असतात. वाफे, बांध, पाण्याची पाळी हे शेतकऱ्याच्या लेकराला लगेच समजेल.

तिथून राधनपूर, सांचोर, बाडमेर असा ६८ नंबरचा हायवे थेट जैसलमेरला नेते. बाडमेरला मुक्काम. या पट्ट्यात टाकी अर्धी झाली की भरायची, आणि वीस लिटरचा पाण्याचा कॅन गाडीत कायम, तो फक्त आणीबाणीसाठी, प्यायच्या बाटल्या वेगळ्या. जैसलमेरच्या अलीकडं याच रस्त्यालगत आकल आहे, तिथं दगड झालेली झाडं आहेत, १८ कोटी वर्षांपूर्वीची. म्हणजे आज जिथं सावलीला झाड शोधावं लागते तिथं तेव्हा जंगल होतं! आपल्याकडं सिरोंच्याजवळही असे जीवाश्म आहेत, ते तिनं पाहिलेत, त्यामुळं इथं तिला काही समजवावं लागणार नाही.

आता मुख्य, डेझर्ट नॅशनल पार्क. १९८० साली झाला, ३१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर दोन जिल्ह्यांत. ताडोबासारखं गेट, जिप्सी, सगळे वाघाच्या मागे, असं डोक्यात ठेवून जाऊ नये. पार्कात गावं आहेत, मेंढरं चरतात, आणि वाळूच्या टेकड्या म्हणाल तर पाचव्या हिश्शाएवढ्याच, बाकी सगळा गवताचा आणि मुरमाड माळ. पार्कातल्याच सुदासरीला कुंपण घालून गवत राखलं आहे, तिथं माळढोक दिसायची जास्त आशा, पण परवानगी जैसलमेरच्या वनखात्याच्या ऑफिसातून आधी घ्यावी लागते. राहायला आम्ही वाळूच्या टेकड्यांजवळच्या दोन गावांपैकी सम सोडून खुडी निवडलं, कारण समच्या कॅम्पांत रात्री डीजे वाजते आणि लेकराला पहाटे पाचला उठवायचं आहे.

पोरीची तयारी आम्ही आतापासून करून राहिलो. ताडोबाची सवय झालेल्या लेकराला वाटते की जंगल म्हणजे वाघ दिसला की पैसे वसूल. इथं दूरवर पाहत बसायचं आहे. म्हणून रविवारी सकाळी ह्यांच्यासोबत धुऱ्यावर दुर्बीण घेऊन बसते, पहिल्यांदा पाच मिनिटांत उठली, आता अर्धा तास बसते, नीलपंख ओळखते. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं, सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) यांची चित्रं वहीत काढली आहेत, जे दिसेल त्याच्यापुढं टिक करायची. माळढोक नाही दिसला तरी चालेल हे तिला स्पष्ट सांगून ठेवलं आहे, त्याच्या मागे गाडी पळवायची नाही, पिल्लू असलं तर तिथून हटायचं. जैसलमेरकडे सेंटरमध्ये अंडी उबवून पिल्लं वाढवून राहिले आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनानं पहिलं पिल्लू झालं हे सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवल्या तिनं. आपल्या गाईला डॉक्टर येऊन करतात तसंच का, म्हणाली. हाव, तसंच.

सामानात औषधं पहिली: ओआरएस, तापाचं औषध, आणि नाक कोरडं पडून रक्त येऊ नये म्हणून आत लावायला खोबरेल तेल. कानटोपी विसरायची नाही, वाळवंटाची रात्र भरकन थंड होते. दुपारी बारा ते चार कुठंच फिरायचं नाही, जेवून झोपायचं.

येताना पोकरणहून फलोदीजवळचं खिचन, तिथं मंगोलिया-मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून कांड्या करकोचे येतात आणि गावकरी त्यांना रोज सकाळी दाणे टाकतात, हजारोंनी उतरतात. मग जोधपूरजवळ खेजडली, १७३० साली खेजडीची झाडं वाचवायला ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला ते गाव. ही खेजडी म्हणजे आपली शमीच. त्यांत सगळ्यांत आधी जीव देणाऱ्या अमृतादेवीची गोष्ट पोरीला कितपत सांगावी यावर ह्यांचं माझं अजून एकमत नाही, मी म्हणते पूर्ण सांगावी. नंतर उदयपूर, इंदूर करत घरी.

परवानगीसाठी फोन करून ठेवला आहे, पुढचे दोन टायर बदलायचे राहिले, ते सोमवारी चंद्रपूरला. आबांनाही चला म्हटलं, गुडघ्यामुळं नाही म्हणतात, पण मी अजून सोडलेलं नाही.